फॉल-पिकोचा प्रकल्प तुझा होता

शुभांगी,

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा अभ्यासकेंद्रातून फोन आला. केंद्राचा वार्षिक अंक निघतोय, त्यात तुझ्यावर पानभर लिहून द्या म्हणाले. तुम्ही दोघी जावा एकाच स्कूटरवरून यायच्या, आम्हाला आठवतंय, तुमच्याइतकं जवळचं कोण लिहिणार, वगैरे. मी हो म्हटलं.

संध्याकाळी बसून पान भरलंही. कष्टाळू होतीस, हसतमुख होतीस, यवतमाळकडून लग्न होऊन धायरीत आलीस आणि इथलीच झालीस, शिक्षणाची आवड होती. वाचून पाहिलं. एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकही तुझं नव्हतं. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, ताई, हे तर कोणत्याही बाईला बसेल, फ्री साइज आहे. तो कागद फाडला. हे दुसरं लिहिते आहे. पानभरात मावणार नाही, त्याचं काय ते अंकवाल्यांनी बघावं.

बीबीएचे फॉर्म तू आणलेस. दोन. खाली तुझं फॉल-पिकोचं दुकान, वर तुमचं घर, त्याच्यावर आमचं. जिन्यात असतानाच तुझं बोलणं सुरू व्हायचं, त्यामुळे तू दारात पोचेपर्यंत अर्धा विषय मला कळलेला असायचा. पतसंस्थेत मी वीस वर्षं कारकून. अधिकारी व्हायला पदवी लागते, हे रडगाणं मी घरात इतक्यांदा गायलं होतं की कोणी मान वर करत नसे. तू केलीस. दोन्ही फॉर्म ओट्यावर ठेवलेस आणि म्हणालीस, "रोज नियम सांगता. आता सही करा."

मी म्हटलं, अगं, अठ्ठेचाळीस चालू आहे मला.

"मंग? मला चाळीस आहे. फॉर्मवर वयाचा रकाना हाय, मर्यादा नाही. मी पुरा वाचून आले."

तुला पदवी कशाला हवी, हे मी तेव्हा विचारलं नाही. दुकान तर चालत होतं. पुढे कधीतरी तूच सांगितलंस. कोणी शिक्षण विचारलं की बारावी म्हणून थांबावं लागतं, समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघतो, आणि पुढे काही नसतं. तेवढा एक शब्द हवा होता तुला. मला हवी होती बढती. दोघींनाही एकाच वर्गात बसायचं होतं, म्हणून हा फरक कधी दिसला नाही.

तीन वर्षं, रविवारचे वर्ग. तू स्कूटर चालवायचीस आणि मी मागे बसून प्रश्नसंच वाचायची. सिंहगड रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं, त्यामुळे अभ्यास चांगला व्हायचा. हेल्मेटमधून तुझी उत्तरं ऐकून शेजारच्या रिक्षातली माणसं वळून बघत. वर्गात येरवड्याहून येणारे एक हवालदार, हिंजवडीला कंपनीची बस चालवणारा एक जण, बाकी बहुतेक आपल्या मुलांच्या वयाचे. सगळ्यांनी तुला शुभाताई केलं आणि मला मॅडम. यात सगळं आलं.

हे कबूल करते की पहिली दोन वर्षं मी तुझ्या जिवावर पास झाले. मला पाठ व्हायचं, पण कळायचं नाही. तुला कळायचं. उत्पादन व्यवस्थापनाच्या तासाला सरांनी अडथळ्याचा टप्पा शिकवला, म्हणजे सगळ्या कामात एक जागा अशी असते की तिथे तुंबतं, आणि बाकीच्यांनी कितीही घाई केली तरी उपयोग नसतो. त्यांनी मोटारींच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी पण. परतताना संतोष हॉलच्या चौकात सिग्नलला तू मागे वळून म्हणालीस, ताई, हे म्हणजे आपलं मॅचिंग.

तिथून तुझा प्रकल्प सुरू झाला. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने एका चालू व्यवसायाचा अभ्यास करायचा होता. तू स्वतःचंच दुकान घेतलंस. विषय असा: कबूल केलेल्या तारखेला साडी का मिळत नाही. कोणत्याही फॉल-पिकोवालीने स्वतःबद्दल विचारू नये असा प्रश्न. चार महिने एका वहीत लिहिलंस. साडी कधी आली, तारीख कोणती सांगितली, दिली कधी, उशीर का झाला. तुझा अंदाज होता की हात कमी पडतात. वही वेगळंच सांगत होती. साड्या मशीनपाशी थांबतच नव्हत्या. रंगाचा फॉल किंवा दोरा दुकानात नसायचा, तू सोमवारी रविवार पेठेत जाईपर्यंत साडी तशीच पडून. म्हणजे तारीख चुकायची ती साडी हातात घेतानाच. त्या दिवसापासून तू आधी फॉलचा खोका उघडून बघायला लागलीस, आणि मग तारीख सांगायला.

यावर आपलं भांडण झालं, आठवतं? भांडण म्हणजे तुझ्या दुकानात स्टुलावर बसून मी अक्कल शिकवत होते. एका बाईला तू दहा दिवस सांगितलेस, ती नाक मुरडून गेली. मी म्हटलं, शुक्रवारी देते म्हणायचं होतंस. बायकांना शुक्रवार ऐकायचा असतो, खरी तारीख कोणाला हवी आहे? तू मशीन थांबवलंस. "मंग शुक्रवारी तिच्यापुढे उभं कोण राहीन? तुम्ही?" मी म्हटलं, त्या दिवशी काहीतरी सांगायचं, लोक विसरतात. तू म्हणालीस, लोक विसरत नाहीत, फक्त दुसरं दुकान बघतात. मी म्हटलं, तुला धंदा कळत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, स्वतःचं दुकान उभं केलेल्या बाईला, पतसंस्थेतल्या कारकुनाने. आणि ते भांडण तिथेच राहिलं, कारण गिऱ्हाईक आलं.

माझा प्रकल्प पतसंस्थेवर होता. ठेवीदारांना काउंटरवर किती वेळ थांबावं लागतं, असा काहीतरी. तुझ्यावरूनच सुचलेला, खरं तर. व्यवस्थापकांकडे परवानगी मागितली. ते दोन महिने बघू म्हणाले आणि मग नाही म्हणाले. प्रकल्प द्यायला आठ दिवस उरले होते. मी विषय बदलू शकले असते. भाजीवाला, झेरॉक्सवाला, कोणीही चाललं असतं, तू तसं म्हणालीही होतीस. पण त्यासाठी कोणाच्या तरी दुकानासमोर उभं राहून विचारावं लागलं असतं, आणि त्याची मला लाज वाटत होती.

तुझ्याकडून मी तुझ्या प्रकल्पाचं सगळं मागून आणलं, मांडणी बघायला म्हणून. तू साडीच्या पिशवीत घालून दिलंस. वही, तक्ते, हाताने लिहिलेला कच्चा मसुदा. म्हणालीस, मंगळवारपर्यंत द्या, मला साफ लिहून काढायचंय. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी खरंच मांडणी पाहिली. दुसऱ्या दिवशी तुझी प्रस्तावना बघून माझी लिहिली, आणि तिच्याखाली लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर थांबले आणि तिथल्या संगणकावर तुझे तक्ते टाइप करायला लागले. तेव्हाही मनात असंच होतं की आधी हे भरून बघू, मग आकडे बदलू. बदलले नाहीत. दुकानाचं नाव काढून 'सिंहगड रस्ता परिसरातील एक शिवणकाम केंद्र' असं केलं, एवढाच माझा हातभार. तू बुधवारी विचारलंस, मी उद्या म्हटलं. गुरुवारी तू केतकीला वर पाठवलंस, मी तिला दारातूनच सांगितलं की दोन पानं राहिलीत. शुक्रवारी शेवटची तारीख होती. मी माझा प्रकल्प स्पायरल बाइंडिंग करून दिला, शिक्का घेतला, आणि शनिवारी पिशवी तुला परत केली. तू दोन दिवस जागून लिहिलंस, विनंती अर्ज जोडलास आणि मंगळवारी दिलास. उशीर का झाला, असं अर्जात विचारलेलं असतं. तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही. माझं नाव लिहिलेलं नव्हतं, एवढं पुढे कळलं.

मला वाटलं होतं, तपासणारे वेगळे असतील. नव्हते.

महिन्याने आपल्या दोघींना बोलावलं. केंद्रप्रमुखांच्या टेबलावर दोन्ही प्रकल्प शेजारी शेजारी उघडे होते. माझा टाइप केलेला, तुझा निळ्या शाईतला. त्यांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडे एकाच ओळीत एकच नोंद होती: 'मुलीला ताप, दुकान बंद.' केतकीच्या तापाचा दिवस. मी तोही टाइप केला होता. मला मुलगी नाही, शुभांगी. एकुलता एक मुलगा आहे, तो बंगळूरला आहे. टाइप करताना माझ्या ते लक्षातही आलं नाही. त्या टेबलापाशी आलं, आणि तुझ्याही त्याच क्षणी आलं, कारण तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. एखादी साडी उलटी करून शिवण बघावी तसं.

सरांना आपल्या घरात कोणाला काय अपत्य आहे ते कसं ठाऊक असणार? त्यांच्यासमोर दोन शिक्के होते, शुक्रवारचा आणि मंगळवारचा, आणि दोन गप्प बायका. ते म्हणाले, तुमचा नंतर आलेला आहे, बाई, तुम्हाला यावर काही सांगायचं आहे का? तू लगेच बोलली नाहीस. तू मला जागा दिलीस. ती बरीच होती, मी आजही मोजू शकते. पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती. मी टेबलावरच्या शिक्क्याच्या पॅडकडे बघत राहिले.

"राहू द्या सर," तू म्हणालीस. "माझा राहू द्या."

कॉपी केली असं तू म्हणाली नाहीस. त्यांनी मात्र तसंच लिहून घेतलं, तू सही केलीस, आणि तुझा प्रकल्प रद्द झाला.

परत येताना स्कूटरवर मी शब्द जुळवत होते. धायरी फाट्याला तू गाडी बाजूला घेतलीस. मला वाटलं, आता बोलणार. तू विचारलंस, "कोथिंबीर आहे का तुमच्याकडे, का घेऊ दोन जुड्या?" मी म्हटलं, घे.

आठवड्याभरात घरी सगळ्यांना कळलं. सुनीलभावजींना प्रकल्प म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं. केतकी तेव्हा सतरा वर्षांची. त्या रविवारी आपण सगळे तुमच्याकडे जेवायला होतो. ती ताटावरून म्हणाली, "आई, कॉपीच करायची होती तर काकूच्या आधी तरी द्यायचीस. एवढं तर आमच्या वर्गातल्या ढ मुलांनाही कळतं." तुझा चेहरा मी पाहिला. तू तिला म्हणालीस, पोळी घे. मी ताक आणायला उठले. फ्रीजसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे, ताक समोरच होतं.

मला पदवी मिळाली, बढती मिळाली. सत्काराला नेसलेल्या साडीचा फॉल तू लावलास. तारीख सांगितलीस त्याच्या आदल्या दिवशी दिलीस.

पुढच्या दोन वर्षांबद्दल खरं सांगायचं तर मला तुझा राग यायचा. हे कोणाला पटणार नाही, पण तसं होतं. तू भांडली असतीस, सगळ्यांसमोर बोलली असतीस, तर मी रडून माफी मागितली असती आणि सुटले असते. तू आधीसारखीच वागलीस. अळूवड्या केल्या की वर पाठवायचीस. ऑफिसातून यायला उशीर झाला की दुकानातून हाक मारायचीस, ताई, चहा. त्या चहाला मी कधी नाही म्हटलं नाही आणि कधी निवांत प्यायले नाही. मला वाटायचं, ही हे मुद्दाम करते. आता वाटतं, तू काहीच करत नव्हतीस. तुला चहा प्यायचा होता आणि सोबत हवी होती.

प्रकल्प पुन्हा देता येत होता. एकच विषय राहिला होता तुझा. मी एकदा मोठ्या मनाने म्हटलं, या वर्षी फॉर्म भर, मी आणून देते. तू हुक लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लिहू काय, ताई? माझ्या दुकानाचं तर लिहून झालं."

मी हा टोमणा धरला आणि चार दिवस खाली उतरले नाही. तो टोमणा नव्हता. तुझ्याकडे खरंच दुसरं दुकान नव्हतं.

तुला तापाने दवाखान्यात ठेवलं, तेव्हा सांगायचं ठरवून आले होते. भावजी डबा खायला खाली गेले, तू जागी होतीस, ताप उतरलेला वाटत होता. मी स्टूल ओढलं. तू बोलायला लागलीस ते दुकानातल्या साड्यांचं. सात साड्या आहेत, कोणाला फोन करायचा, अबोली रंगाचा फॉल मिळालेला नाही तर त्या बाईंना तसं स्पष्ट सांगा, उगाच उद्या परवा करू नका. मी सगळं लिहून घेतलं. मग नर्स आली, पडदा ओढला, मला बाहेर थांबायला सांगितलं. मला हायसं वाटलं, शुभांगी. हे लिहायला फार जड जातंय, पण बाहेरच्या बाकड्यावर बसल्यावर मला पहिल्यांदा हायसं वाटलं. म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी तुला ऐकू येत नव्हतं.

आता पुढचं. केंद्राला अर्ज दिला आहे की तो प्रकल्प माझा नव्हता, आणि तुझा कॉपी नव्हता. एक प्रत पतसंस्थेला. माझ्या पदवीचं आणि खुर्चीचं काय करायचं ते ते ठरवतील, मी कोणाला भेटायला जाणार नाही. पण अर्ज देण्याआधी एका माणसाला सांगायचं होतं. केतकी आता एकोणीस वर्षांची आहे, दिवसाच्या कॉलेजात बीबीएच करते. दुपारी ती दुकानात होती, तुझ्या गिऱ्हाइकांच्या साड्या परत करत होती. शेवटची बाई गेल्यावर मी सांगितलं. सगळं, वरच्यासारखंच, तापाच्या ओळीसकट.

ती ऐकताना साडीची घडी घालत होती. घडी मोडून पुन्हा घातली.

"बाबांना माहितीये?"

नाही म्हटलं, आज सांगणार आहे.

"आणि मी आईला जेवताना जे बोलले, तेव्हा तुम्ही समोर होता."

"होते."

तिने साडी पिशवीत सरकवली. मी माफ कर वगैरे म्हणायला तोंड उघडलं, तिने हातानेच थांबवलं. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. तिने फक्त विचारलं, "किती पडले?"

मला समजलं नाही.

"प्रकल्पात. तुम्हाला किती मार्क पडले? गुणपत्रिकेवर असतील ना."

मी सांगितले.

"आईला सांगितले होते?"

"नाही. कसे सांगणार?"

"मग आता सांगा," ती म्हणाली. "लिहिताय ना तिला. त्यात सांगा." आणि शटर ओढायला उठली.

म्हणून सांगते. शुभांगी, शंभरपैकी तुला अठ्ठ्याऐंशी पडले. केंद्रात त्या वर्षी सगळ्यात जास्त. तपासणाऱ्यांनी शेवटच्या पानावर पेन्सिलीने शेरा लिहिला आहे: 'नोंदी स्वतः घेतल्या आहेत. निष्कर्ष पटतो.'

ताई